पाटकऱ्याच्या दारचा तरवड

नानासो पाणीपुरवठा संस्थेतून निवृत्त झाला, त्याला बरीच वर्षं झाली. तरी गावात त्याला अजून पाटकरीच म्हणतात. कृष्णेवरून मोटारीनं उचललेलं पाणी पाटानं शिवारात न्यायचं आणि ज्याची पाळी असेल त्याच्या उसात सोडायचं, हे पाटकऱ्याचं काम. ऐकायला सोपं आहे. पण पाणी उतार बघून पळतं, माणसाचं ऐकत नाही. पाट फुटला की शेजारचा भुईमूग बुडतो. दारं लवकर मोडलं, म्हणजे पाणी पुढच्या सरीला लवकर वळवलं, तर आधीच्या सरीचं शेपूट कोरडं राहतं, उशिरा मोडलं तर पाणी बांधावरून ओढ्याला जातं. खोरं सगळ्यांनाच धरता येतं, चालवता थोड्यांना येतं. नानासो दाऱ्यावर माती अशी टाकायचा की ती वरून थापायला लागायची नाही. त्याच्या हाताखाली कुणाच्या सरीचं शेपूट कोरडं राहिलं, अशी तक्रार कुणी केली नाही. दुसऱ्या तक्रारी केल्या. बागायतदार तक्रार केल्याशिवाय राहत नाही.

त्याचे वडील जतकडचे धनगर. पावसाळा सरला की मेंढरं घेऊन वाळव्याच्या बागायतीत उतरायचे आणि मोकळ्या रानांत कळप बसवायचे. एका वर्षी मेंढरांत रोग शिरला, कळप संपला आणि माणसं इथंच राहिली. काठी धरणाऱ्याच्या पोरानं खोरं धरलं. बायको मात्र त्याला जतकडचीच केली. सुलाबाई. लग्न होऊन आल्यावर तिला पहिला कंटाळा आला तो हिरव्याचा. जिकडं बघावं तिकडं ऊस, नजर जायला वाटच नाही, असं ती म्हणायची.

सुलाबाईनं माहेराहून एक रीत आणली होती. नवरात्रात घट बसतो आणि घटावर रोज एक माळ चढते. मागच्या माळा कशाच्याही चालतील, झेंडूच्या, कारळ्याच्या, मिळेल त्या फुलांच्या. पण पहिली माळ तरवडाची. आणि जी बाई घट बसवणार, तिनं ती फुलं स्वतःच्या हातानं झाडावरून तोडायची. दुसऱ्यानं तोडलेली चालत नाहीत, विकतची तर नाहीतच. माळावर राहणाऱ्या बाईला हे काही अवघड नव्हतं. तरवड म्हणजे मुरमाड जागी, रस्त्याच्या कडेला आपोआप उगवणारं कमरेएवढं झुडूप. पानं चिंचेसारखी, फुलं हळदीसारखी. शेळी त्याला तोंड लावत नाही. त्याला कुणी लावत नाही आणि कुणी जपतही नाही.

नानासोच्या गावात वरच्या अंगाला एक मुरमाड टेकाड होतं. पहिली कित्येक वर्षं सुलाबाईनं तिथं जाऊन फुलं तोडली. मग त्या टेकाडावरही पाणी चढलं. ते चढवणाऱ्या पाटावर नानासोच होता. टेकाड सपाट झालं, वर काळी माती पसरली, ऊस उभा राहिला. त्यानंतर सुलाबाई घटाच्या आदल्या दिवशी एसटीनं माहेरी जायची आणि सकाळी फुलं तोडून परत यायची. नवऱ्याला ती कधी बोलली नाही. एवढंच म्हणायची, "पाणी आलं, तरवड गेला." ह्यात राग होता की नुसती बातमी, हे नानासोला कधी कळलं नाही.

एका मार्गशीर्षात सुलाबाईच्या अंगावरून वारं गेलं. दवाखाना झाला. जीव वाचला, वाचाही परत आली, पण डावा हात लोंबता राहिला आणि डावा पाय ओढत चालावं लागलं. उजव्या हातात काठी धरून ती उंबऱ्यापासून अंगणापर्यंत जायची. त्याच्या पुढं नाही. मोटारीत फार वेळ बसवू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. सून क्रांतीनं चूल घेतली, म्हशीची धार घेतली, देवाचा दिवा घेतला. क्रांती मनानं चांगली होती. सासूला कशाला म्हणून हात लावू द्यायची नाही. तिच्या चांगुलपणानंच सुलाबाई दिवसेंदिवस खाटेला धरत चालली होती.

उन्हाळ्यात एकदा उंबऱ्यावर बसून ती म्हणाली, "औंदा घट क्रांतीनं बसवावा."

"का?" नानासोनं विचारलं.

"तरवडापतोर मी जाणार कशी? न जाता बसवला तर त्यो घट माझा न्हवं."

"तुला बसवून आपला मल्हार हळूहळू नेईल की टेंपोतनं."

"आन् रस्त्याच्या कडंला दोघं मला धरून उतरवणार, व्हय? जाणारं येणारं म्हनंल, बगा, मढं उतरवून फुलं तोडाय लावल्यात."

नानासोला देवाधर्माचं फारसं कळत नव्हतं. पण बाईच्या हातातलं एकेक काम सुटत गेलं की बाई कशी होते, हे त्यानं आपल्या आईचं बघितलं होतं. सुलाबाईकडं आता हे एकच उरलं होतं. तेही गेलं तर सकाळी उठून बसायला तिला कारण राहणार नव्हतं.

"तरवड हितं दारात आला तर?"

सुलाबाई हसली. वारं गेल्यापासून तिचं अर्धंच तोंड हसायचं. "हितं? हितं ऊस येतो."

मल्हार त्यांचा मुलगा. इस्लामपुरातून भाजीचा टेंपो घेऊन घाट उतरून रत्नागिरीकडं जायचा. पहिला पाऊस झाल्यावर एका सुट्टीला नानासो त्याला घेऊन जतला गेला. सुलाबाईची भावजय दगडाबाई तिथं माळावर एकटी राहते. तिच्या घरामागून त्यांनी तरवडाची चांगली वाढलेली झुडपं खणून काढली. मुळं सरळ खाली गेलेली. मुरूम लोखंडासारखा. पहार वाकडी झाली, पण मूळ काही पुरतं निघेना. शेवटी खोडाखाली हातभर मूळ ठेवून बाकीचं तोडलं.

दगडाबाई उभी राहून बघत होती. म्हणाली, "दाजी, हे जगायचं न्हाई."

"पाणी भरपूर देतो की."

"मग तर जगायचंच न्हाई."

नानासोला वाटलं, कोरडवाहू बाई, हिला पाण्याचं काय माहीत. घरी येऊन त्यानं अंगणात खड्डे घेतले, शेणखत घातलं, झुडपं उभी केली आणि प्रत्येकाला आळं करून काठोकाठ पाणी दिलं. आळी बघण्यासारखी झाली होती. आठवड्यात पानं गळली. आषाढात खोडं काळी पडली. उपटून बघितली तर खाली लगदा.

शेजारचा गुंडा बांधावरून जाताना रोज थांबायचा. त्याचा ऊस अंगणाला लागूनच होता. "काय नाना, तण लावतुयास व्हय? आमी औषध मारून मारून दमलो आन् तू जतवरनं आनून लावतुयास!"

"तुज्या उसात न्हाई येत. भिऊ नगंस."

"भ्यायचं काय रं? तुज्या हातानं तरवड मेला, मग आता तुलाच बोलावतो औषध मारायला."

मग बी. दगडाबाईनं जुन्या शेंगांचं बी पाठवलं. नानासोनं वाफा केला, उसाच्या रानाला करतात तसा तळहातासारखा सपाट. बी टोकलं, पाणी दिलं. उगवलं नाही. उकरून बघितलं तर बी होतं तसंच, दगडासारखं. त्यानं दगडाबाईला फोन लावला.

"रगडलं का?" तिनं विचारलं.

"काय रगडायचं?"

"बी वो. पाट्यावर वाळू टाकायची, वर बी टाकायचं आन् वरवंटा हलक्या हातानं फिरवायचा. साल झिजली की रातभर पाण्यात ठिवायचं. त्येच्याशिवाय ते आत पाणी घेत न्हाई. माळावर हे काम दगडं करत्यात."

हे त्यानं नीट केलं. बी उगवलं, वाफाभर उगवलं. नानासो रोज सकाळी उकिडवा बसून बघायचा. श्रावणात झड लागली. काळी माती पाणी धरून बसली आणि रोपं एका ओळीनं माना टाकत गेली. माती सुकून वाफसा यायची वाट बघत तो बसला. वाफसा आला तेव्हा वाफ्यात काही उरलं नव्हतं.

नवरात्र आलं. मल्हारनं आईला न सांगता जत रस्त्यावरून तरवडाच्या फुललेल्या फांद्या तोडून आणल्या, बादलीत उभ्या करून तिच्या पुढ्यात ठेवल्या.

"आये, घे. फांदीवरनं तू तोड."

सुलाबाईनं फांदीला हात लावला. फुलं ताजी होती. "मल्हार, हे तोडलेलंच हाय, बाबा. तोडलेल्यातनं मी काय तोडू?" असं म्हणून तिनं हात मागं घेतला. घट क्रांतीनं बसवला, झेंडूची माळ घातली. सुलाबाई भिंतीला टेकून बसली होती. मध्येच उठून खाटेवर गेली. त्या हिवाळ्यात ती अंगणात उतरणं बंद झाली. क्रांती ताट खाटेवर नेऊन द्यायची.

तेव्हाच मल्हार रत्नागिरीकडून एक गोष्ट घेऊन आला. तिथं समुद्राच्या कडेला एका बंगल्यात तो भाजी टाकायचा. बंगल्याच्या कुंपणाला पिवळी फुलं बघून तो थांबला. तरवडच होता. वाळूत लावलेला, एका रांगेत, गुडघ्याच्या वर कापून ठेवलेला आणि फुलांनी भरलेला.

"समुद्राच्या वाऱ्यात?" नानासोला पटेना. "खाऱ्या वाऱ्यात?"

"तात्या, त्या वाऱ्यात जास्वंद करपली हाय. ह्येला काय झालं न्हाई. मी माळ्याला इचारलं, पाणी किती देता? त्यो म्हणाला, लावलं तवा दिलं. आता कवा देत न्हाई, दिलं की झाड जातं." मल्हारनं खिशातून कागदाची पुडी काढली. त्यात चपट्या तपकिरी शेंगा होत्या.

सुलाबाईनं खाटेवरून विचारलं, "काय हाय त्यात?"

"तरवड, आये. दर्याकाठचा."

"आता दर्याचा तरवड!" ती म्हणाली. "उद्या मासं बी लागतील त्याला." बऱ्याच दिवसांनी ती थट्टा करत होती. नानासोनं ते कानात ठेवलं.

वाळूत येतो म्हणजे पाणी खाली निसटून गेलं पाहिजे. ही गोष्ट पाटकऱ्याला समजायला एवढा वेळ लागायला नको होता. पण त्याची सगळी उमर पाणी धरून ठेवण्यात गेली होती.

गुंडाच्या नव्या विहिरीचा मुरूम ओढ्याच्या कडेला पडून होता. गुंडा म्हणाला, "ने, कितीबी ने. माजी वाटच मोकळी हुईल." ट्रॅक्टर मागायचा तर तो अंगणात शिरत नव्हता. नानासोनं घमेलं आणि चुंबळ घेतली. ओढ्यापासून घरापर्यंत चढ आहे. मुरमाचं घमेलं मातीच्या घमेल्यापेक्षा जड असतं आणि मानेला कडेनं टोचतं. म्हातारपणी ओझं डोक्यावर घेणं कठीण नसतं, ते खाली उतरवणं कठीण असतं. गुडघा वाकताना भरवसा देत नाही. त्यानं पूर्ण भरलेलं घमेलं कधी उचललं नाही आणि अर्धं कधी नेलं नाही. जेवढं उतरवता येईल तेवढं भरलं. अंगणात उंबऱ्यासमोर त्यानं आधी काळी माती खोलवर काढून टाकली, खाली दगडगोटे घातले आणि वर मुरमाचा लांबट ढीग केला. वरंब्यासारखा, पण कुठल्याही वरंब्यापेक्षा उंच. पौष संपेपर्यंत हे काम चाललं.

थंडी ओसरल्यावर बी रगडून, भिजवून टोकलं. उगवलं. जोरदार तेवढी रोपं ठेवून बाकीची उपटली.

सुलाबाई पुन्हा उंबऱ्यावर येऊन बसायला लागली होती. रोपांकडं बघायला येते, असं ती म्हणाली नाही. "आत गदमदतंय," म्हणायची.

चैत्र आला. दुपारी रोपांची पानं मिटायची. नानासो ओसरीवर बसून ते बघायचा. दुसऱ्याच्या उसाला त्यानं उभी हयात पाणी पाजलं होतं आणि दारातलं झुडूप तहानलेलं दिसत होतं. त्याच्यानं बघवेना. सुलाबाई दुपारी डोळा लावायची तेव्हा तो तांब्याभर पाणी ओतायचा. मग कळशी. मोरीचं सांडपाणी अंगणाच्या कडेनं ओढ्याला जायचं. एका सकाळी त्यानं खोऱ्यानं छोटासा पाट ओढून ते ढिगाच्या पायथ्यानं वळवलं. काम इतकं सफाईदार होतं की पाट नवा आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तरवड वाढला. ज्येष्ठात नानासोच्या छातीला लागला. हिरवागार, पानांनी दाट. नानासो खूश होता. गुंडासुद्धा म्हणाला, "हे मातर झाक आलंय गड्या."

सुलाबाई मात्र काठी टेकत ढिगापाशी गेली. तिथूनच म्हणाली, "आवं, ह्येला पाणी कोण पाजतंय?"

"पाऊस झाला की परवा."

"परवाचा पाऊस पानात दिसत न्हाई. ह्ये माजलंय. ह्येच्या अंगात नुसता पाला हाय." तिनं काठीचं टोक ढिगाच्या बुडात खुपसलं. टोक ओलं आलं. तिनं सांडपाण्याच्या पाटाकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. "पाटकरी ते पाटकरीच!"

नानासोनं त्याच दुपारी खोरं घेतलं, तो पाट बुजवला आणि सांडपाणी गोठ्यामागच्या केळींकडं नेलं. त्यासाठी फरशीखालून चर काढावा लागला. क्रांतीनं विचारलं, "मामा, एवढं कशाला उकरताय?" तो म्हणाला, "केळी वाळत्यात." केळी वाळत नव्हत्या.

पण नुसतं पाणी तोडून भागणार नव्हतं. झाड छातीएवढं झालं होतं आणि फुलं येतात ती फांद्यांच्या शेंड्याला. सुलाबाई उभी राहिली की उजव्या हातात काठी. डावा हात कामाचा नाही. म्हणजे उभ्यानं तिला एक फूल तोडता येणार नव्हतं. हे त्याच्या आधी लक्षातच आलं नव्हतं. तिला बसून तोडता आलं पाहिजे. त्यानं तिला कळणार नाही अशा बेतानं बघून घेतलं, उंबऱ्यावर बसल्यावर तिचा हात कुठवर पोचतो. त्या हिशेबानं एक दगड ढिगाला लागून बसवला, हलणार नाही असा. दगडावर बसून हात वर केला तर शेंडे हाताखाली यायला हवेत. झाड त्या मापाच्या कितीतरी वर गेलं होतं.

त्यानं दगडाबाईला फोन केला.

"तोडा की मग," ती म्हणाली. "हितं रस्तेवाले दर पावसाच्या तोंडाला कोयत्यानं सपासप छाटत्यात. छाटला की फुटतो, फुटला की फुलतो. तुमी लाडावून ठिवलाय त्याला, दाजी."

"घटापतोर फुलंल?"

"आता आषाढ लागला. ऊन पडलं तर फुलंल. न्हाई पडलं तर न्हाई. त्ये मी कसं सांगू?"

न छाटलं तर वर दोनचार फुलं येतील, पण तिच्या हाताला लागणार नाहीत. छाटलं तर फुलं येतील की नाही याचा भरवसा नाही, आणि न आली तर दुसरं वर्षही गेलं. तिसऱ्या वर्षी सुलाबाई उंबऱ्यापर्यंत येईल का, हे कुणी सांगावं? नानासो एक दिवस थांबला. मग त्यानं कोयता सहाणेवर लावला. बोथट कोयत्यानं फांदी चिरते आणि चिरलेल्या जागी पाणी शिरतं. प्रत्येक फांदी त्यानं एका घावात तिरकी तोडली, गुडघ्याच्या थोडं वर. अंगणात पाल्याचा ढीग पडला.

सुलाबाई काठीचा आवाज करत बाहेर आली तेव्हा ढिगावर नुसते खुंट उभे होते.

"आवं, काय केलासा ह्ये!"

"फुटंल."

"फुटंल! आन् न्हाई फुटला तर? मला इचारलासा?"

"तू तोडू दिलं असतंस?"

ती वळली आणि आत गेली. त्यानंतर ती त्याच्याशी बोलेना. जेवताना समोर बसून मीठ मागायचं झालं तरी क्रांतीला हाक मारायची. क्रांती दोघांच्या मध्ये सापडली. एकदा वैतागून म्हणाली, "आत्या, मामांच्या हातालाच मिठाची वाटी हाय की." सुलाबाई म्हणाली, "आसंल. त्यांस्नी इचारल्याबिगर कापायची सवय हाय, त्यांचं त्यास्नी लखलाभ." मीठ मात्र तिनं घेतलं.

खुंट बरेच दिवस तसेच राहिले. गुंडा बांधावरून बघायचा आणि पहिल्यांदाच काही बोलायचा नाही. ते नानासोला थट्टेपेक्षा जड गेलं. पाऊस आला की तो ढिगाच्या कडा बघायचा, कुठं पाणी थांबलंय का. थांबलं असेल तिथं बोटानं वाट करून द्यायचा. पाणी घालवायचं काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं. तेही शिकता येतं.

आषाढ सरता सरता खुंटांच्या कडेनं डोळे फुटले. श्रावणात हातभर फुटवे झाले. रंग आधीसारखा गडद नव्हता, थोडा फिक्का, निबर. उघाड चांगली मिळाली. भादव्यात शेंड्यांना कळ्यांचे झुपके दिसले. नानासोनं कुणाला सांगितलं नाही. त्याच दिवशी सुलाबाई जेवताना म्हणाली, "आमटीत मीठ कमी हाय का वो?" विचारलं त्यालाच होतं. तो म्हणाला, "न्हाई, बरोबर हाय."

घटस्थापनेच्या सकाळी ऊन स्वच्छ होतं. कळ्या सगळ्या उघडल्या नव्हत्या. पुढच्या फांद्या फुलल्या होत्या, मागच्या अजून बंद होत्या. सुलाबाई अंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आली. क्रांती दंडाला धरायला पुढं झाली.

"राहू दे तिला," नानासो म्हणाला.

अंगण छोटं आहे, पण तिला ते ओलांडायला वेळ लागला. दगडापाशी येऊन ती वळली, काठीवर भार दिला आणि खाली बसली. दगड हलला नाही. काठी मांडीवर आडवी ठेवली. डाव्या हातानं पदर धरता येत नव्हता, म्हणून तिनं पदराचा ओचा करून कमरेला खोचला. मग उजवा हात वर केला. बोटांनी देठ चाचपला, नखानं तोडला आणि फूल ओच्यात टाकलं.

दुसरं. तिसरं. ती घाई करत नव्हती. एका झुपक्यातली उमललेली तेवढी घ्यायची, कळीला धक्का लावायचा नाही. पुढच्या फांद्या झाल्यावर एक कडेची फांदी उरली. तिच्यावर फुलं चांगली होती, पण हात पुरत नव्हता. नानासो उठला आणि फांदी वाकवायला गेला.

"हात लावू नगा!"

तो जागीच थांबला. सुलाबाईनं मांडीवरची काठी उचलली, मूठ फांदीत अडकवली आणि फांदी हळूहळू स्वतःकडं ओढली. काठीचं दुसरं टोक मांडीखाली दाबून धरलं. हात मोकळा झाला. फुलं तोडून झाल्यावर काठी सैल केली. फांदी परत गेली, दवाचे थोडे थेंब उडाले.

क्रांती ओसरीवर उभी राहून हे बघत होती. ती पुढं आली. "आत्या, मी एक तोडू का?"

सुलाबाईनं मान वर केली. "घट कुणाचा हाय?"

"तुमचा."

"मग? तुझा घट बसंल तवा तू तोडायचं. घाई हाय का तुला?"

"न्हाई वो, आत्या!" क्रांती हसली.

"न्हाई म्हनायला तोंड कसं लाल झालंय बघ. जा, सुईत दोरा ओव. तेवढं माझ्यानं व्हायचं न्हाई."

उठताना मात्र तिला जमेना. एकदा प्रयत्न केला, काठी मुरमात सरकली. नानासोनं आता विचारलं नाही आणि तिनंही नको म्हटलं नाही. त्यानं उजव्या बगलेत हात घातला आणि पाटात घसरलेल्या माणसाला काढतात तसं तिला सरळ वर काढलं. ओच्यातली फुलं सांडली नाहीत.

"पुरतील का?" त्यानं विचारलं.

तिनं ओच्यात बघितलं. "हातभर हुईल. बास." दोन पावलं टाकून ती थांबली. "मागच्या कळ्या उद्या फुलतील. त्यास्नी पाणी घालू नगा."

"न्हाई घालत."

"शपथ?"

"घटाची शपथ घिऊ नये."

"मग नुसतं तोंडानं म्हना."

"न्हाई घालत," तो पुन्हा म्हणाला.

ती आत गेली. नानासो दगडावर बसला. दगड अजून दवानं ओला होता. बांधावरून गुंडानं विचारलं, "झालं का रं?" त्यानं मान हलवली. आतून क्रांतीचा आवाज आला, परडीत माती किती घालू म्हणून विचारत होती. सुलाबाई सांगायला लागली. एवढी नव्हं, पोरी, बोटभर कमी. आन् दाबू नगंस. धान्य आधी भिजवलंयस का? कुणी सांगितलं तुला तसं? हे सांगणं पुष्कळ वेळ चाललं होतं.